बेडूक काही उठेना

माझ्या नवऱ्याला गाता येत नाही, हे मला लग्नानंतर तब्बल दोन वर्षांनी कळलं. कळलं म्हणजे काय, मी पकडलं. सिंगापूरला आल्यावरचा पहिलाच गणपती होता. बिशानला एका मित्राच्या फ्लॅटमध्ये आरती चालली होती आणि प्रबोध माझ्या शेजारी उभा होता. डोळे मिटलेले, मान डोलतेय, ओठ एकेका शब्दाला असे उघडतायत की बघणाऱ्याला वाटावं, काय तल्लीन झालाय हा माणूस! मी सहज कान त्याच्याकडे नेला. तर आवाजच नाही! टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या देणारा दिसतो ना, तसा माझा नवरा आरती म्हणत होता.

घरी आल्यावर मी उलटतपासणी घेतली. तेव्हा कळलं की पाचवीत, ठाण्याच्या शाळेत, पंधरा ऑगस्टच्या समूहगीताच्या तालमीला बाईंनी त्याला मागच्या रांगेत नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलव हं." त्या दिवसापासून हा नुसते ओठ हलवतोय. राष्ट्रगीत, आरत्या, वाढदिवसाचं गाणं, सगळं मुक्याने.

"पण आजपर्यंत कुणाला कळलं नव्हतं," वर हे अभिमानाने!

आता मी कोण, तेही सांगून टाकते. मी मधुवंती. हो, रागावरूनच. माझे वडील, नाना, पुण्यात पंचेचाळीस वर्षं गाणं शिकवतायत. आमच्या घरी कुकरची शिट्टी कुठल्या स्वरात होते यावर जेवताना वाद व्हायचे. मी काही गायिका झाले नाही. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत कम्प्लायन्सला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. पण कान मात्र अगदी नानांचा. आमच्या घरात गात नसे ती एकटी आई. आरतीला ती टाळ घ्यायची. "मला बाई टाळच बरे," म्हणायची आणि हसायची. टाळ मात्र फार सुरेख वाजवायची.

प्रबोधला मी वर्षानुवर्षं छळत आलेय. त्याचं आडनाव कारखानीस, म्हणून मी त्याच्या मुकेपणाला 'कारखानीस घराण्याची गायकी' म्हणते. पाहुणे आले की सांगते, या घराण्यात आवाज लावत नाहीत, फार अवघड असतं ते. तो बिचारा हसतो. चिडत नाही, ही त्याची एक वाईट सवय आहे.

आणि मग आम्हाला मुलगी झाली. चैत्रात झाली म्हणून नानांनी फोनवरून नाव सुचवलं, चैत्राली. दिसायला माझ्यासारखी, चालायला माझ्यासारखी, तोंड तर विचारूच नका, अगदी माझंच. आणि गळा? गळा शंभर टक्के कारखानीस. फरक एवढाच की हिला कुणी मागच्या रांगेत उभं केलेलं नव्हतं, त्यामुळे ही गायची. आंघोळीत गायची, लिफ्टमध्ये गायची, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शेजारच्या अनोळखी काकांकडे बघून गायची. मोठ्याने.

नाना दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायचे, "काय, गाते का पोरगी?"

"सर्दी झालीय हो नाना तिला." माझं ठरलेलं उत्तर. हिशोब केला तर माझ्या मुलीला सहा वर्षं सलग सर्दी आहे.

मरीन परेडला आमच्याच काँडोत सातव्या मजल्यावर ओकादा नावाच्या एक जपानी बाई राहतात. सत्तरी ओलांडलेली, शिडशिडीत, तुरुतुरु चालणाऱ्या. जन्म जपानातल्या अशा गावातला, जिथे एप्रिल येईपर्यंत बर्फ हलत नाही. तिथे त्या बालवाडीत शिकवायच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि तीस वर्षं इथल्याच झाल्या. सगळी मुलं त्यांना सेन्सेई म्हणतात, म्हणजे बाई. दरवर्षी मार्च उजाडला की त्या खालच्या फंक्शन रूममध्ये शनिवारी सकाळी काँडोतली मुलं गोळा करतात आणि त्यांना आपल्या गावची वसंतातली गाणी शिकवतात.

आता सिंगापुरात वसंत कुठला? इथे बाराही महिने एकच ऋतू. थंडी, उन्हाळा, जो काय असेल तो एसीच्या रिमोटमध्ये. तरी ही बारा मुलं, बिनबाह्यांचे फ्रॉक आणि हाफ पँटी घालून, घाम पुसत पुसत गातात की बर्फ वितळलं, ओढा बोलू लागला, फुलपाखरा, जरा दमाने, कळ्या अजून झोपल्यात. यातल्या एकानेही बर्फ पाहिलं असेल तर ते थंडगार माइलोच्या ग्लासात. पण गातात कशी! हात धरून, गोल करून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

चैत्रालीला शनिवारी न्यायचं काम प्रबोधकडे. त्यामुळे मी ती तालीम कधी पाहिली नव्हती, पण गाणी मला सगळी पाठ झाली होती, कारण आठवडाभर घरात तेच चालायचं. त्यातलं शेवटचं बेडकाचं. 'ओकिते, ओकिते, काएरु-सान.' म्हणजे, ऊठ, ऊठ, बेडूकराव.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोळी लाटता लाटता थांबले. अरे, हा तर भूप! तेच पाच स्वर, सा रे ग प ध. जपानच्या एका कोपऱ्यात बर्फाखालच्या बेडकाला लोक भूपात उठवतात, काय गंमत आहे! नानांना सांगायलाच हवं, असं मनात आलं, आणि तेवढ्यात चैत्राली 'काएरु' वर आली. तिथे गंधारावरून थेट पंचमावर उडी मारायची असते. हिची उडी दर वेळी मध्येच पडायची. मध्यमावर. भूपात मध्यमाला दारातच मनाई. आणि आमची कन्या नेमकी तिथेच ठाण मांडून बसायची.

"चैतू, थोडं वर, राजा. 'काएरु'. ऐक हं."

"सेम, लाह," चैत्राली इथल्या मुलांसारखं 'लाह'चं शेपूट लावत म्हणायची. "मी सेमच म्हणते."

"तुझ्या घराण्याचा मध्यम आहे हा," मी प्रबोधला सांगितलं.

"मध्यम म्हणजे मधला ना?" तो म्हणाला. "मग चांगलंय की. फार वर नाही, फार खाली नाही."

काय बोलणार अशा माणसाला!

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी कार्यक्रम ठरला. आईवडिलांनी यायचं, घरून काहीतरी खायला आणायचं. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या आधीच्या रविवारी प्रबोधने नानांना कॉलवर सांगून टाकलं. "नाना, चैत्रालीचा कार्यक्रम आहे शनिवारी. लाइव्ह दाखवतो तुम्हाला."

"वा!" नाना सरसावून बसले. "सर्दी गेली म्हणायची!"

 नाना वाईट नाहीत हो. पण बेसूर ऐकलं की त्यांचा चेहरा असा होतो, जसा कुणी त्यांच्या पायावर पाट टाकलाय. तो चेहरा मी लहानपणी शिष्यांसाठी पाहिलेला होता. माझ्या मुलीसाठी मला तो पाहायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, मधुवंतीची मुलगी बेसूर, हे नानांना कळायला नको होतं. यात मुलीपेक्षा मधुवंतीच जास्त होती.

मंगळवारी संध्याकाळी तिची वेणी घालताना मी विषय काढला.

"चैतू, शनिवारी की नाही, एक गंमत करायची. तू नुसते ओठ हलवायचे. आवाज नाही काढायचा."

"व्हाय?"

"गंमत म्हणून. बाबासुद्धा असंच करतो आरतीला, माहितेय?"

 ती मान वळवून म्हणाली, "बट फ्रॉग? फ्रॉग सगळ्यांचा व्हॉइस ऐकतो, देन ओन्ली उठतो. सेन्सेई व्हेरी स्ट्रिक्ट, यू नो."

"बारा मुलं आहात ना? अकरा जणांचा ऐकून उठेल तो. कोण मोजतंय?"

"माझा व्हॉइस नाइस नाही?"

मी रिबिनीची गाठ मारत होते. मोठी पक्की गाठ मारली. "तसं नाही गं. आपलं दोघींचं सिक्रेट."

"ओके, लाह," ती म्हणाली.

आणि ऐकलं हो तिने. सहा वर्षांत माझी एक गोष्ट न ऐकलेली मुलगी, ही एवढीच बरोब्बर ऐकली. बुधवारी आंघोळीत नुसता शॉवरचा आवाज. लिफ्टमध्ये सामसूम. घर शांत झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, चला, शनिवारपुरतं सुटलो.

गुरुवारी ऑफिसमधून आले तर लिफ्टचं दार उघडलं आणि आत बापलेक. खाली पोहायला निघाले होते. दोघं लिफ्टच्या आरशासमोर उभे.

"ओठ असे गोल," प्रबोध शिकवत होता. "डोळे मोठे. आणि मान थोडी डोलवायची. मान महत्त्वाची. लोक मानेला फसतात."

"लाइक धिस?"

"एकदम."

आमचं सिक्रेट दोन दिवसही टिकलं नव्हतं. मला हसू आलं. म्हटलं, वा, घराण्याची तालीम चाललीय! गुरू मिळाले म्हणायचे! प्रबोधने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखा हसला नाही. मला वाटलं, दमला असेल.

शनिवारी फंक्शन रूम ओळखू येत नव्हती. सेन्सेईंनी गुलाबी कागदाच्या शेकडो पाकळ्या कापल्या होत्या. त्यातल्या निम्म्या एसीच्या वाऱ्याने उडून एका कोपऱ्यात जमल्या होत्या आणि एक चिमुरडा त्या बुटाने उडवत होता. टेबलावर कुणाच्या भाताच्या मुटक्या, कुणाचे करी पफ, माझ्या खांडवीचे तुकडे. मुलांनी डोक्याला कागदाची फुलं बांधलेली. प्रबोधने तिवईवर फोन लावला होता आणि त्यात नाना. इस्त्रीचा झब्बा, खांद्यावर पंचा, समोर चहा. सकाळचे साडेआठच वाजले होते तिकडे. मागे स्वयंपाकघराच्या दारात आई पोह्यांची कढई हलवता हलवता डोकावत होती.

मुलं गायला लागली. ओढ्याचं झालं, फुलपाखराचं झालं. चैत्राली पुढेच होती. ओठ गोल, डोळे मोठे, मान डोलतेय. अप्रतिम काम! एकालाही शंका येऊ नये. नाना फोनमध्ये मान हलवत होते. मी सुटकेचा श्वास टाकला आणि एक खांडवीचा तुकडा तोंडात टाकला.

तेवढ्यात सेन्सेई माझ्यासमोर येऊन कमरेत वाकल्या. हातात हिरवी चादर.

"आज बेडूक तुम्ही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "नेहमी मी होते. पण आता गुडघे ऐकत नाहीत. आणि चैत्रालीचे बाबा म्हणाले, तुमचा कान फार तयार आहे. बेडकाला कान हवा."

मी प्रबोधकडे पाहिलं. तो तिवईचा स्क्रू पिळत होता, जो आधीच घट्ट होता.

सेन्सेईंनी सगळ्यांना खेळ समजावला. त्यांच्या गावी बेडूक फार आळशी असतो. बर्फ वितळलं तरी जमिनीखालून उठत नाही. मुलांनी गोल करून त्याला हाक मारायची. एक जरी आवाज कमी पडला तर बेडकाला वाटतं, छे, वारा असेल, आणि तो कूस बदलून झोपतो. म्हणून बेडकाने एकेक आवाज ओळखायचा. सगळे आले, तरच उठायचं.

काय करते! बसले मांडी घालून मधोमध. वरून चादर आली. आत हिरवा उजेड आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास. बाहेर पावलांची धावपळ, आणि मग गाणं सुरू झालं.

'ओकिते, ओकिते, काएरु-सान.'

मला मोजावे लागलेच नाहीत, कान आपोआप मोजतो. तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांचे दोन आवाज, एकाच पट्टीतले. चष्मेवाल्या मुलाचा चिरका पंचम, पण सच्चा. जी मुलगी सगळ्यात लहान, तिची नुसती कुजबुज, पण तीही आली. एकेक करत अकरा.

बारावा नाही.

आता हे मला माहीत नव्हतं का? मीच सांगितलं होतं. तरी चादरीखाली बसून तो नसलेला आवाज ऐकला आणि मी वाकून बाहेर पाहिलं. चादरीच्या काठाखालून मला पायच तेवढे दिसत होते. त्यात स्ट्रॉबेरीच्या मोज्यांतले दोन पाय अगदी माझ्या गुडघ्याजवळ. ते पाय तालावर उड्या मारत होते, टाचा उचलत होते, 'काएरु' च्या जागी तर दोन्ही पाय एकदम हवेत. आणि वर आवाज शून्य. माझी मुलगी एवढी उड्या मारून मला हाक मारत होती आणि मला ऐकू येऊ नये, ही व्यवस्था मीच करून ठेवली होती.

उठता आलं असतं. कोण मोजत होतं? गाणं संपलं तेव्हा मी गुडघ्यावर हातसुद्धा टेकले. पण तशीच बसून राहिले. मुलांचा खेळ मी मोडायचा, आणि तोही माझ्याच मुलीचा आवाज वगळून? मला इतकी लाज वाटली की चादर आहे ते बरंच झालं असं वाटलं.

बेडूक उठला नाही. मुलं खिदळली. "पुन्हा!" सेन्सेई म्हणाल्या. पुन्हा गाणं झालं, जोरात झालं. अकरा. बेडूक उठला नाही. आता मोठी माणसंही हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, बेडूक खरंच झोपला वाटतं.

"बेडूक फार प्रामाणिक आहे," सेन्सेई शांतपणे म्हणाल्या. "एक आवाज कमी असणार."

मग मीच चादरीतून मराठीत म्हटलं, "चैतू, तुझा आवाज नाही आला गं."

 आणि मग तो आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, अख्ख्या खोलीला समजेल अशा इंग्रजीत.

"बट यू सेड डोन्ट सिंग! यू सेड ओन्ली मूव्ह लिप्स, लाह!"

हसू थांबलं.  दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईची चूक अशी अख्ख्या काँडोसमोर, आणि वर पुण्यापर्यंत लाइव्ह!

मी चादर डोक्यावरून मागे सारली. चैत्राली समोर उभी होती. डोक्यावरचं कागदी फूल कानावर आलेलं, दोन्ही हात दोन्हीकडच्या मुलांनी धरलेले, त्यामुळे तिला नाकही पुसता येत नव्हतं.

"माझं चुकलं, चैतू," मी म्हटलं. "साफ चुकलं. बेडकाला तुझाच आवाज हवाय."

तिने नीट विचार केला. "सॉफ्ट ऑर लाउड?"

"लाउड."

मी पुन्हा चादर ओढून घेतली. आणि काय ओरडली हो पोरगी! चार दिवसांचं साठलेलं सगळं एका दमात. 'ओकिते, ओकिते' पर्यंत अकरा जण तिच्याबरोबर होते, 'काएरु' ला तिची उडी नेहमीच्या जागी पडली. मध्यम! भरभक्कम, निःसंकोच मध्यम. मी त्या क्षणी उठले. उठले कसली, उडालेच. चादरीत पाय अडकून सेन्सेईंच्या पाकळ्यांच्या ढिगात पडले आणि बाराही मुलं किंचाळत माझ्या अंगावर आली.

त्या गोंधळात मला अजून एक आवाज ऐकू आला. तिवईच्या बाजूने. घोगरा, अडखळणारा, बरीच वर्षं न उघडलेल्या कपाटाच्या दारासारखा. प्रबोध गात होता. मोठ्याने, सगळ्यांसमोर, पाचवीनंतर पहिल्यांदा. 'काएरु' वर तोही मध्यमावरच पडला. बापलेक बाकीच्या जगाशी बेसूर होते, पण एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

"तूच सांगितलंस ना सेन्सेईंना? मला बेडूक करायला?" मी पाकळ्या झटकत त्याला गाठलं.

"मी कुठे काय बोललो?" प्रबोध म्हणाला. "मी नुसते ओठ हलवले."

दहा वर्षांच्या चिडवण्याचा हिशोब त्याने एका वाक्यात चुकता केला. 

फोनमधून हाक आली. "मधू."

नाना. मी विसरलेच होते. फोन हातात घेतला. त्यांचा चेहरा पायावर पाट पडल्यासारखा नव्हता, आणि कसा होता तेही मला कळेना.

"बेडूक फार उशिरा उठला," नाना म्हणाले.

"हो नाना."

"भूप आहे."

"हो."

"पोरीला मध्यम लागतो."

"हो नाना. ते प्रबोधच्या घरा..." बघा, अजूनही माझी जीभ तिकडेच वळत होती.

"त्यांच्याकडेही असेल. पण हा मध्यम माझ्या ओळखीचा आहे," नाना म्हणाले. त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई हातात झारा घेऊन तिथेच उभी होती. "बेचाळीस वर्षं झाली. लग्नानंतरचा पहिला गणपती. माझे सगळे शिष्य जमले होते. ही इतकी मोकळी म्हणायला लागली आरती, आणि हा मध्यम लागला. कुणीतरी हसलं. मी हिच्या हातात टाळ दिले." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "मला वाटलं, मी फार हळुवारपणे केलं."

"अहो, जाऊ द्या ना," आई म्हणाली. "आता काय त्याचं?"

मी फोन धरून उभी राहिले. आईचा गातानाचा आवाज आठवून पाहिला. तिची हाक आठवली, तिचं रागावणं आठवलं, टाळांचा ठेका आठवला. गाणं एकही आठवेना. आणि मी आयुष्यभर समजत होते की तिला टाळ आवडतात.

"आजी!" चैत्रालीने माझ्या कोपराखालून डोकं घुसवून फोन ओढला. तिला यातलं किती कळलं कोण जाणे, पण आता बेडूक कुणी व्हायचं आणि हाक कुणी मारायची, हे तिला पक्कं कळत होतं. "नाना, आता तू फ्रॉग."

नानांना 'तू' म्हणणारं आमच्या घराण्यात आजवर कुणी जन्मलं नव्हतं. मी तिला दटावणार, तोवर नानांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि डोक्यावरून घेतला. पुण्याच्या खुर्चीत, इस्त्रीच्या झब्ब्यावर, पांढरा बेडूक तयार!

"आजी, तू म्हण. ओकिते, ओकिते, काएरु-सान. नाना, आजीचा व्हॉइस ऐकला, देन ओन्ली उठायचं. ओके?"

"ओके," पंचाखालून आवाज आला.

आईने झारा खाली ठेवला. हात पदराला पुसले, परत पुसले. इकडेतिकडे पाहिलं, बहुतेक टाळच शोधत असावी.

"लाउड हं, आजी," चैत्रालीने बजावलं.

आणि आई म्हणाली. आधी अगदी बारीक, पुटपुटल्यासारखं. मग 'काएरु' आलं, तिने श्वास घेतला, आणि तो मध्यम आला. तोच. चैत्रालीचा, प्रबोधचा, बेचाळीस वर्षं टाळांखाली ठेवलेला. माझ्या आईचा आवाज जाडसर आहे, आणि थोडा हसरा. अडतिसाव्या वर्षी मला कळलं.

नाना उठले नाहीत.

"आजी, वन मोर टाइम! फ्रॉग स्टिल स्लीपिंग!"

आईने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग हसत हसत तिसऱ्यांदा म्हटलं. कढईतल्या पोह्यांना वास सुटला होता, पंचा मधूनमधून हलत होता, पण आईचं गाणं थांबेल म्हणून की काय, नाना काही उठेनात.